बोळक्यातला फेस

मंड्याजवळच्या केरेहळ्ळीत सकाळपासून माणसं स्वामींनी वाटलेली मातीची बोळकी घेऊन रांगेत उभी होती. बोळक्यांत ज्याची त्याची लघवी होती, त्यामुळे ढकलाढकली अजिबात नव्हती.

स्वामी फुंकर मारून काडीनं ढवळत. फेस उसळे.

"बघा, रक्तदाबाचं विष! गोळी म्हणजे उकळत्या काहिलीवर झाकण. फेकून द्या!"

सातव्या दिवशी फेस जाई आणि माणूस शुद्ध होई.

जवरेगौडाला हे लगेच पटलं. चाळीस वर्षं तो गूळ करत होता. रस उकळला की मळी वर येते, ती काढली की रस निवळतो. त्यानं दाबाच्या गोळ्या बांधावर पुरून टाकल्या. पण एकवीस दिवस झाले तरी त्याचा फेस जाईना.

"तुझी मळी जुनी आहे," स्वामी म्हणाले.

गौडाला याचा थोडा अभिमानच वाटला. सुजलेले पाय चपलेत जात नव्हते, हे फक्त बायकोला, केंपम्माला ठाऊक होतं. तिनं ते सरकारी नर्स पुट्टलक्ष्मीला सांगितलं.

नर्स रांगेत शिरली. स्वामींच्या ढिगातलं नवं बोळकं घेऊन तिनं त्यात स्वतःच्या बाटलीतलं पाणी ओतलं आणि ढवळलं. फेस काठापर्यंत आला.

"स्वामी, माझ्या पिण्याच्या पाण्यालाही रक्तदाब आहे का हो?"

तिनं बोळकं आतून खरवडलं. वाळलेला रिठा निघाला.

"पहिल्या दिवशी रिठ्याचं बोळकं, सातव्या दिवशी कोरं. झालं शुद्ध!"

"म्हणजे माझाही फेस खोटा?" गौडा खूश झाला.

"अण्णा, तुमचं बोळकं दोन आठवडे कोरंच आहे. इथं तुमचाच तेवढा फेस खरा."

केंपम्मानं दिलेली त्याची सकाळची लघवी नर्सनं काचनळीत तापवली, वर आम्लाचे थेंब टाकले. ती अंड्यासारखी पांढरी गोठली. मग तिनं दाब मोजला: एकशे नव्वद.

"मूत्रपिंडात बारीक गाळणी असते. एवढ्या दाबानं ती फाटत जाते आणि रक्तातलं सत्त्व गळतं."

"म्हणजे ही मळी नव्हे?"

"नाही. रस चाललाय तुमचा."

गौडानं नळी हातात घेतली. "किती गेला?"

"रक्त तपासल्यावर कळेल. गेलेला परत येत नाही. उरलेला राखू."

स्वामी झोळी भरायला लागले होते. रांगेचं शेपूट मात्र अजून हललं नव्हतं. गौडा सुजल्या पायांनी एकेकापाशी गेला आणि नळी दाखवत म्हणाला, "हा माझा रस आहे, बघून घ्या. आधी दाब मोजून या. गोळी सोडू नका. मी सोडली होती."