पंचशीलाचं पळणं

लातूर नुकतंच उस्मानाबादेतून फुटून वेगळा जिल्हा झालं होतं. नव्या कचेरीला टायपिस्ट हवे होते, म्हणून किनवटकडची पंचशीला आई नागुबाईला घेऊन लातुरात राहायला आली. दिवसभर यंत्रापुढं बसून तिची पाठ आखडून जायची. किनवटला वसतिगृहात असताना ती पहाटे सागाच्या रानातून पळायची, तेव्हा पाठ म्हणून काही असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. तिनं पांढरे कॅनव्हासचे बूट आणले आणि एका पहाटे ओढणी कमरेला बांधून निघाली.

गल्लीच्या तोंडाशी शेजारचे दगडोबामामा दूध घालून सायकलवर परत येत होते. पोरगी धावताना बघून त्यांनी घाबरून ब्रेक दाबला.

"कोन गेलं गं?"

"कुनी न्हाई, मामा. पळून राहिले."

"ते दिसतंयच. पन कशापायी?"

तोवर ती वळणापार गेली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकल आडवी लावली. "बस मागं, सोडतो." ती बसली नाही, तेव्हा त्यांना राग आला. मग गिरणीजवळचं कुत्रं मागं लागलं. नव्या बुटांनी टाचा सोलल्या, आणि कचेरीत ती लंगडत फिरली. पण हे सगळं निस्तरलं. मामांना तिनं "डॉक्टरनं सांगितलंय" असं ठोकून दिलं, कुत्र्याला शिळ्या भाकरीचा तुकडा टाकला, टाचांना चिंध्या बांधल्या.

पाण्याचं मात्र जमेना. त्या साली दुष्काळ होता. नळ कोरडे, आणि टँकर यायचा पहाटेच, तोही कधी लवकर, कधी उजाडल्यावर. घरात माणूस नसलं की घागरी रिकाम्या. नागुबाईला गुडघ्यांमुळं घागर उचलवत नव्हती.

"पळून पळून तहान लावून घेतीस," ती म्हणाली, "आन् प्यायला हाय काय घरात?"

पंचशीलानं बूट खाटेखाली सारले. आठवडाभर ती घागरींजवळ बसून राहिली. चिडचिड एवढी वाढली की कचेरीत एका पत्रावर तिनं साहेबांचं नावच चुकीचं छापलं. शेवटी एका पहाटे तिला राहवलं नाही. नाक्यापर्यंत जाऊन लगेच येऊ, असं म्हणून ती सुटली.

नाक्यावर टँकर उभा होता. ड्रायव्हर बशीत चहा ओतून फुंकत होता. पंचशीला जागच्या जागी वळली आणि वसतिगृह सोडल्यापासून पळाली नव्हती तशी पळाली.

"टँकर आला! उठा, टँकर!"

शेजारच्या गल्लीला जाग यायच्या आत हिच्या गल्लीची रांग लागली होती. समोरच्या रुक्मिणबाईनं नागुबाईच्या घागरी आधी भरल्या.

दुसऱ्या दिवसापासून रुक्मिणबाईच दार वाजवू लागली. "पंचशीला, उठ की गं! पळायला जा!"

आधी मजा वाटली. मग वाटेना. टँकर जवळच दिसला की अर्ध्यातून परतायचं. नाही दिसला तर, "आज नीट पळाली न्हाईस वाटतं," हे ऐकायचं. एकदा ताप होता तरी बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. आणि एका पहाटे तर ती निघते न निघते तोच कोपऱ्यावर टँकर. पळणं तिथंच संपलं. अंगाला घामसुद्धा आला नव्हता.

रांगेतच ती म्हणाली, "मावशी, उद्यापासून मी औशाच्या रस्त्यानं जानार."

"तिकडून टँकर येत न्हाई," रुक्मिणबाई म्हणाली.

"म्हनूनच."

रुक्मिणबाई तिच्याशी बोलायची बंद झाली. एवढी शिकलेली पोरगी, गल्लीचं एवढंसं काम होईना! रागारागानं दुसऱ्या दिवशी ती स्वतःच नाक्यावर गेली. टँकरची वाट बघत बाकड्यावर बसली, एक चहा सांगितला. इथं सासू नाही, चूल नाही, कुणी हाक मारत नाही. परत आली तेव्हा टँकर मागोमाग होता आणि बाईचा चेहरा खुललेला होता. तिसऱ्या दिवशी चांगुणाबाई म्हणाली, आज मी जाते. तिथून पाळीवरून भांडणं सुरू झाली ती काही मिटली नाहीत. पण नागुबाईच्या घागरी जिची पाळी ती भरू लागली.

पंचशीला औशाच्या रस्त्यानं पळत गेली. दोन्ही बाजूंना भेगाळलेली काळी रानं, मध्येच एखादं बाभळीचं झाड, आणि रस्ता अगदी मोकळा. कुणासाठी वळायचं नव्हतं. दम लागला, मग श्वास ताळ्यावर आला, मग पाय आपोआप पडू लागले. उन्हं अंगावर आली तेव्हा ती परतली.

नागुबाईनं पाय धुवायला तांब्याभर पाणी काढून ठेवलं होतं.

"किती पळालीस?"

"मोजलं न्हाई," पंचशीला म्हणाली, आणि निम्मंच पाणी पायांवर घेऊन उरलेलं तिनं बादलीत परत ओतलं.