दुखवट्याचा ठराव

नगरपालिकेच्या सभागृहात कुणी ‘मंजूर’ म्हटलं की भिंती हातभर आत सरकत. मुख्यालय बांधलं तेव्हापासूनची ही रीत, त्यामुळे कुणाला तिचं काही वाटत नसे. सभा संपली की भिंती मुकाट मागे जात.

त्या दिवशी मात्र सभासदांना मंजूर म्हणायची हुक्कीच आली होती. गटार मंजूर, दिवे मंजूर, अभ्यासदौरा तर एकमुखानं मंजूर. शेवटच्या विषयापर्यंत मंडळी एकमेकांच्या मांडीवर आली होती आणि नगरसेविका हेमांगी तोडकरच्या गालाला भिंतीचं काँक्रीट टोचत होतं.

शेवटचा विषय होता ही इमारतच पाडण्याचा.

हेमांगीला ती पाडायला नको होती. इमारतीचा आराखडा काढणारे प्रभुणे हेमांगीचे शेजारी. प्लास्टर नाही, रंग नाही, आखूड खांबांवर उकिडवी बसल्यासारखी दिसते, म्हणून गावानं तिला जन्मभर नावं ठेवली. ‘तिला राग येत नाही, मग मला कशाला?’ असं म्हणून प्रभुणे हसायचे. मागच्या आठवड्यात ते गेले. स्मशानात चार माणसं जमली नाहीत, याचं हेमांगीला अजून वाईट वाटत होतं.

“ताई, आवरा,” नगराध्यक्ष नलावडे कुणाच्या तरी कोपराखालून म्हणाले. “एकदा मंजूर म्हणा, की घरी.”

“साहेब, आता कुणी मंजूर म्हटलं तर घरी जाणार कोण?”

“मग काय नामंजूर म्हणू? इथं कधी कुणी म्हटलंय का?”

खरंच कुणी म्हटलं नव्हतं. तेवढ्यात मागून एकानं सवयीनं ‘मं—’ काढलाच. भिंतीनं ते ऐकलं. हेमांगीच्या बरगड्या आवळल्या आणि तिला एकदम सुचलं. दुखवट्याचा ठराव आला की बाकी सगळं थांबतं. सभासद उभे राहतात, दोन मिनिटं स्तब्धता पाळतात, अध्यक्ष ‘बसा’ म्हणतात आणि सभा तहकूब होते.

“या वास्तूचे शिल्पकार कैलासवासी प्रभुणे यांना श्रद्धांजली!” ती ओरडली. “सर्वांनी उभं राहावं!”

सगळे जमेल तसे उभे राहिले. मग इमारतही उभी राहिली.

तिचे आखूड खांब गुडघ्यातून सरळ झाले. भिंती मागे हटल्या, छत वर गेलं, चहूकडून वारा आला. हेमांगीनं पोटभर श्वास घेतला आणि तिला रडू फुटलं. किती बरं वाटत होतं! खिडकीतून अख्खं गाव दिसत होतं, पार स्मशानापर्यंत. इमारतीनं त्या बाजूचा छज्जा खाली झुकवला होता.

दोन मिनिटं झाली. खाली, इमारत एरवी बसते त्या जागी, घरपट्टीच्या रांगेतली माणसं येऊन वर बघत स्तब्ध उभी होती.

नलावडेंनी सवयीनं घसा खाकरला. हेमांगीनं धावत जाऊन त्यांच्या तोंडावर हात दाबला. तळव्याखाली त्यांचे ओठ हलायला लागले होते.