कपाळावरचे जैतुनाचे पान

मित्रांनो, मी एक जुनी डागणी आहे, तापवून खूण उठवायचे लोखंड. टोकाला जैतुनाचे पान, मागे हातभर लोखंडी दांडा आणि अंगात राग. राग आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही मला गोड गोष्टी सांगणारी म्हातारी समजणार नाही.

कार्थेजच्या बंदरामागे एका लोहाराने मला घडवले. पान त्याने इतके बारकाईने केले होते की त्याच्या शिराही उमटत. मेत्तियस नावाच्या जमीनदाराने मला नेले. त्याच्या तेलघाण्यावर बुधल्यांच्या लाकडी बुचांवर पान उठवणे हे माझे काम. बंदरावरचे गिऱ्हाईक ते पान बघून डोळे मिटून तेल घ्यायचे. माझे फार कौतुक व्हायचे. घाण्यावरच्या एका दासीची चिमुरडी तर दिवसभर माझ्याजवळच असे. तिचे नाव अरिशात. ताज्या डागावरून ती बोट फिरवायची आणि काळे झालेले बोट आईच्या गालाला पुसायची. आई नाम्फामे ओरडायची आणि दुसरा गाल पुढे करायची.

त्या अरिशातला मेत्तियसने विकून टाकले. दूरच्या लेप्टिस शहरातून आलेल्या एका व्यापाऱ्याला घरकामाला पोर हवी होती. याने जेवता जेवता देऊन टाकली, अंजिरांची परडी द्यावी तशी. नाम्फामे गाडीमागे धावत सुटली. तिला वेशीबाहेर पकडून आणले आणि पळालेल्या दासीला खूण करायची म्हणून मला शेगडीत घातले.

मित्रांनो, लाकूड कुठले आणि कपाळ कुठले हे लोखंडालाही कळते. मला तोंड असते तर मी किंचाळले असते. नाम्फामे किंचाळली नाही. ती मेत्तियसकडे बघत राहिली. तिच्या कातडीला चिकटलेल्या मला तिच्या मनातले ऐकू आले, ‘एक दिवस तुझ्या कपाळावर.’ त्याच क्षणी मीही तीच शपथ घेतली.

पुढे मेत्तियसचे दिवस फिरले. कोर्टकज्ज्यात घाणा गेला, दासदासी विकल्या गेल्या. डागलेली बाई कोणी घेईना, म्हणून नाम्फामेला त्याने हाकलून दिले. मी तेव्हा भंगारात गंजत पडले होते. तिने मला उचलले, फडक्यात गुंडाळले आणि शहराची वाट धरली.

शहरात रोगाता नावाची एक विधवा विणकरीण होती. तिच्या घरी ख्रिस्ताला मानणारी माणसे जमत. तिने नाम्फामेला भाकरी दिली आणि कपाळाबद्दल एक शब्द विचारला नाही. नाम्फामे तिथेच राहिली, त्यांच्यातली झाली, दाराची राखण करू लागली. त्या दाराला अडसर नव्हता आणि ख्रिस्ताला मानणाऱ्यांना पकडून नेणाऱ्या शिपायांची भीती तर कायमची. तिने मला अडसर केले.

त्या घराची एक रीत होती. नवीन माणसाने तीन वर्षे शिकायचे. तो धडा ऐके, प्रार्थना करी. पण शुभवर्तमान, म्हणजे ख्रिस्ताची चांगली बातमी, वाचायची वेळ झाली की त्याला बाहेर जावे लागे. तो कसा जगतो याची सगळ्यांसमोर ग्वाही मिळाल्याशिवाय ते त्याच्या कानी पडत नसे. अशा लोकांना बाहेर काढून दार लावायचे, हे आम्हा दोघींचे काम.

एके दिवशी दाराशी आवाज आला, “ताई, मी इथं बसू का?”

माझा गंज शहारला. मेत्तियस होता तो! थकलेला, एकटा. नाम्फामेचे कपाळ फडक्याने झाकलेले होते, नवख्यांसमोर सगळे तिला ताईच म्हणत आणि चेहरा तर त्याने आयुष्यात कधी नीट बघितलाच नव्हता.

“बसा,” ती म्हणाली.

मला वाटले, आता! पण तिला घाई नव्हती. पुढची तीन वर्षे ती त्याला इतरांबरोबर बाहेर काढायची आणि मला खाडकन सरकवायची. त्या खाडकन आवाजात आम्हाला काय सुख होते म्हणून सांगू!

शेवटी त्याच्या ग्वाहीचा दिवस आला. शिकवणाऱ्या सेकुंदगुरुजींनी विचारले, “मेत्तियसबद्दल कोण बोलतंय?”

“मी बोलते,” रोगाता म्हणाली. “माझ्या आजारी सासूचे पाय धुतले यानं. माझ्या नवऱ्यानं, तिच्या पोटच्या पोरानं, जन्मात कधी धुतले नव्हते!”

सगळे हसले. मग नाम्फामे उठली. तिने डोक्याचे फडके सोडले, मला दारावरून काढले आणि शेगडीत घातले. हसणे थांबले.

मेत्तियसचा चेहरा पांढरा पडला. “नाम्फामे?”

“ओळखलंस? शेवटी डागावरूनच ना! तीन वर्षं ताई ताई करत होतास.”

मी तापत होते. किती वर्षांनी तापत होते! मेत्तियस गुडघ्यांवर आला आणि त्याने कपाळ पुढे केले. “दे डाग. मी ओरडणार नाही. मग तरी शुभवर्तमान ऐकू देशील?”

तिने मला उचलले. मी लालबुंद झाले होते. त्याच्या भुवया करपल्याचा वास आला. अजून दोन बोटे, माझ्या बाई, अजून दोन बोटे!

“नाही,” ती म्हणाली. “डाग घेतलास की मोकळा होशील. फिट्टंफाट झाली म्हणून शांत झोपशील. मला तू मोकळा व्हायला नको आहेस. अरिशात कुठंय?”

“लेप्टिसच्या व्यापाऱ्याला दिली होती. त्याचं नाव आठवत नाही गं.”

“मग जा, शोध. घेऊन ये तिला.”

“नाम्फामे,” गुरुजी हळूच म्हणाले, “शुभवर्तमान असं कोणाचं अडवून धरू नये. क्षमा—”

“गुरुजी, तुम्हीच शिकवलंत ना मला? ज्या ख्रिस्ताला मारलं तो उठला, आता बांधलेल्यांना सोडवायला तो आलाय, हीच ती चांगली बातमी. मग माझी पोर सुटली का? ती तिकडं कुणाच्या घरी भांडी घासतेय आणि ज्यानं तिला विकलं तो इथं बसून बातमी ऐकणार? ही कसली बातमी झाली?”

गुरुजी मेत्तियसकडे वळून म्हणाले, “ऐकलंस ना? नीघ.”

नाम्फामेने मला पाण्याच्या घागरीत खुपसले. माझा सूड चर्र करून पाण्यात गेला. मी तिच्यावर चिडले, फार चिडले. इतकी वर्षे कशासाठी गंज खात बसले होते मी?

मेत्तियस परत येणार नाही असे सगळे म्हणत. रोगाताही म्हणे. पावसाळे गेले. नाम्फामेचे केस पांढरे झाले.

मग एका सकाळी दार वाजले. बाहेर काठीला टेकलेला, हाडांचा सापळा झालेला मेत्तियस होता आणि त्याच्यामागे एक बाई. ती नाम्फामेकडे परक्या माणसाकडे बघावे तशी बघत होती. नाम्फामेने कपाळावरचे फडके सोडले.

त्या बाईने कपाळाकडे निरखून पाहिले. “हे पान,” ती म्हणाली, “आमच्या बुधल्यांवर असायचं.” आणि तिचे बोट पुढे आले, त्या डागावरून, शिरांवरून फिरले आणि सवयीने आईच्या गालाला पुसले गेले.

नाम्फामेने दुसरा गाल पुढे केला. मग दोघी उंबऱ्यातच बसून मोठ्याने रडल्या.

आत शुभवर्तमान वाचायची वेळ झाली. मेत्तियस नेहमीसारखा बाहेरच पायरीवर बसला. नाम्फामे लेकीला आत घेऊन आली. तिने मला हातात घेतले, क्षणभर धरले आणि भिंतीशी उभे केले. दार उघडेच राहिले. क्षमा केली असे ती म्हणाली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. पण आतला शब्दन्‌शब्द पायरीपर्यंत पोचत होता आणि म्हातारा तोंड झाकून ऐकत होता.

मित्रांनो, ते शुभवर्तमान मीही ऐकले, पण मी लोखंड आहे. नाम्फामेला सूड सोडणे जमले, मला ते जमलेले नाही. तुमची काळजी वाटते म्हणून एवढेच विनवते, मला असेच भिंतीशी गंजू द्या. कोणाच्याही कपाळासाठी मला पुन्हा तापवू नका. मी अजून काहीही विसरलेले नाही.