व्रत घराचं, पोट रंजनीचं

शनिवार होता आणि चेन्नईतल्या नुंगंबाक्कमच्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सांबाराला फोडणी बसली होती. फोडणी रंजनीच्या हातची. शेवग्याच्या शेंगा, भोपळा, दाट तुरीची डाळ. वास असा सुटला होता की जिन्यातून जाणाऱ्यानंही आवंढा गिळावा. रंजनीनंही गिळला. तिला पाचवा महिना होता, आणि त्या पातेल्यातला एक थेंबही तिच्या ताटात पडणार नव्हता.

का? तर चातुर्मास! तंजावूरकडच्या या मराठी घराण्यात चार महिन्यांची चार व्रतं. पहिल्या महिन्यात भाजी वर्ज्य, दुसऱ्यात दही, तिसऱ्यात दूध आणि शेवटच्यात, म्हणजे चालू महिन्यात, डाळ. ज्याला करायचं त्यानं श्रद्धेनं करावं, आपलं काही म्हणणं नाही. पण या घरातली गंमत ऐका. सासरे माधवराव एग्मोरच्या रेल्वे कचेरीतून निवृत्त झालेले, त्यांना साखरेचा आजार, म्हणून सूट. सासूबाई विजयालक्ष्मी, त्यांना पित्ताचा त्रास, म्हणून सूट. नवरा श्रीनिधी पेरुंगुडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत, तिथं कॅन्टीन, म्हणून त्यालाही सूट. मग घराण्याचं व्रत पाळायचं कुणी? सुनेनं! आजाऱ्याला आणि गरोदर बाईला मोकळीक आहे, असं शास्त्र जाणणारेच सांगतात. पण या घराला नेमकी पोटुशी बाईच तेवढी धडधाकट दिसली. त्यात एकादशीला पाण्याचा घोटसुद्धा नाही.

रंजनी काही अडाणी नव्हती. बँकेत क्लार्क होती. मग गप्प का बसली, असं तुम्ही विचाराल. गेल्या वर्षी दह्याच्या व्रताच्या महिन्यात बँकेतल्या मैत्रिणीनं आग्रहानं तिला दोन घास दहीभात भरवला. ही भोळी, घरी येऊन सांगून बसली. पुढच्याच महिन्यात पोटातलं बाळ गेलं. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त नाही. सासूबाई म्हणाल्या, व्रत मोडलं. रात्रंदिवस कानीकपाळी ओरडलं की खोटंही खरं वाटायला लागतं. खरंच माझ्यामुळे गेलं असेल का? हा किडा तिला वर्षभर पोखरत होता. म्हणून यंदा ती निमूट सगळं पाळत होती आणि दिवसेंदिवस पांढरीफटक पडत चालली होती.

दारावरची बेल वाजली. आली ती तनया. ज्या दवाखान्यात रंजनीची तपासणी होई, तिथं गरोदर बाया काय खातात याचा अभ्यास चालला होता. त्यासाठी ही मुलगी घरोघर जाऊन प्रश्न विचारी. मूळची साताऱ्याची, चेन्नईत नवी. दिवसभर तमिळशी झटापट करून बिचारी मेटाकुटीला आलेली.

"तू मराठी?" विजयालक्ष्मींचा चेहरा फुलला. "अय्यो, आमचीच की गं! बैस मा, बैस. काफी घेतीस?"

मराठी ऐकून तनयाचा जीव भांड्यात पडला. तिनं पिशवीतून स्टीलच्या लहान, मधल्या, मोठ्या वाट्या काढून टेबलावर मांडल्या. "गेल्या महिनाभरात कुठला पदार्थ किती वेळा खाल्ला, रोज, आठवड्यातून कधी, की कधीच नाही, ते सांगायचं. आणि एका वेळी किती, ते वाटीवरून."

"विचार. अस्कि, सगळं सगळं सांगते मी." विजयालक्ष्मी पुढं सरसावून बसल्या. रंजनी स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिला कुणी बैस म्हटलं नाही.

"पालेभाजी?"

"रोज."

"दूध?"

"सकाळ-संध्याकाळ."

"डाळ, सांबार?"

"रोज होते गं. वास येत नाही तुला?" सासूबाई हसल्या आणि त्यांनी सगळ्यात मोठी वाटी उचलून पुढं केली.

आता बाई खोटं बोलत होत्या म्हणावं, तर तसंही नाही. घरात जे शिजलं ते त्यांनी सांगितलं. जे शिजलं ते सगळ्यांनी खाल्लं, एवढा सरळ हिशेब! सुनेच्या ताटात काय पडतं, हा प्रश्न त्यांच्या डोक्याला कधी शिवलाच नव्हता. आणि तनया? गरमागरम कॉफी, वर मायेची मराठी. तीही भुलली आणि टॅबवर भराभर बोट चालवत गेली.

"छान आहे हो आहार," ती म्हणाली. "एवढं खाऊनही यांच्या अंगात रक्त कमी, म्हणजे दोष खाण्यात नाही. शरीरच घेत नसेल."

रंजनीनं दारातून ते ऐकलं. म्हणजे पुन्हा माझंच शरीर वाईट! उद्या काही बरंवाईट झालं, तर घर म्हणेल व्रतात कसूर केली आणि दवाखाना म्हणेल खाणं तर उत्तम होतं. मरू दे मी, मरू दे ते पोर, दोष आमचाच!

"कधीच नाही," ती म्हणाली.

"काय?" तनयानं मान वर केली.

"सांबार. या महिन्यात कधीच नाही. करते मी, खात नाही. मागच्या महिन्यात दूध नाही. त्याच्या आधी दही नाही, त्याच्याही आधी भाजी नाही. माझं मला विचारा."

"घरातलं बाहेर काढतीस?" विजयालक्ष्मी कडाडल्या. "परक्या पोरीसमोर?" एवढा वेळ 'आमचीच' असलेली पोर एका क्षणात परकी झाली.

"रंजनी, सीन करू नको," सोफ्यावर बसलेला श्रीनिधी मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला.

तनयाचा चेहरा उतरला. "चुकलं माझं. यांना सोडून मी तुम्हाला विचारत बसले." तिनं आधीची उत्तरं पुसली. "मावशी, पण यांना असं उपाशी ठेवणं..."

"ऊठ! आमच्या घरात येऊन आम्हालाच शिकवतीस?"

वाट्या पिशवीत कोंबून तनया बाहेर पडली. दारातून तिनं रंजनीला एवढंच सांगितलं, "ताई, डॉक्टरांना हे खरं खरं सांगा. सोमवारीच या." दार धाडकन लागलं.

जेवायची वेळ झाली. टेबलावर नेहमीप्रमाणं तीन ताटं. सगळ्यांचं उरकल्यावर सुनेनं ताकभात खावा, हा शिरस्ता. आज रंजनीनं चौथं ताट आणलं, खुर्ची ओढली आणि सासऱ्यांच्या समोर बसली. भात वाढून घेतला. सांबाराचा डाव उचलला.

"ठेव खाली," माधवराव प्रथमच बोलले. "आमच्या घराण्याचं व्रत आहे ते."

"या वेळी काही झालं तर पाप तुझ्या माथी!" विजयालक्ष्मी म्हणाल्या.

रंजनीचा हात थबकला. भीती वाटली, खोटं कशाला सांगू? वर्षभराची भीती अशी एका दिवसात जाते थोडीच. डाव कलला, सांबार टेबलावर सांडलं. मग तिनं तो पुन्हा बुडवला आणि भातावर ओतला.

"मागच्या वेळी दोन घास दहीभातानं बाळ गेलं म्हणालात, अम्मा. मी तुमचं ऐकलं, डॉक्टरचं नाही. पाप झालं असेल तर ते, तुमचं ऐकल्याचं." ती थांबली नाही. "व्रत घराण्याचं आहे ना? मग घराण्यानं पाळावं. उद्यापासून या घरात मी डाळ शिजवणार नाही, कुणासाठीच नाही. आणि शिजवली, तर पहिली मी जेवणार."

विजयालक्ष्मी ताट सारून उठल्या. माधवरावही उठले. श्रीनिधी आईकडे बघत राहिला, बायकोकडे बघायची त्याची छाती झाली नाही. मग तोही उठला. रंजनी एकटीच जेवली. डोळ्यांतलं पाणी भातात पडत होतं, तरी तिनं पोटभर खाल्लं आणि वर आणखी एक वाटी घेतली.

तिचं बाळ सुखरूप जन्माला येईल का? देव करो आणि येवो. पण वाचकहो, तुम्ही आज जेवून, हात धुऊन हे वाचायला बसला असाल. तुमच्या घरातल्या तिनं आज काय खाल्लं? शिजलं काय होतं, ते विचारत नाही मी.