जावयासाठी प्रश्नपत्रिका

ब्रेकमास्तरांनी जाडजूड पुस्तक ग्रंथपाल बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढून बसले.

"हे नको. आठवडाभर डोकं खाल्लं याने. राजे आहेत, लढाया आहेत, कोणी कोणाला वाळीत टाकलं तेही आहे. लूथरन पंथाचा ख्रिस्ती माणूस मानतो काय, ते म्हणून कुठे सापडत नाही."

"आणि त्याआधी नेलेलं?" बाईंनी विचारलं.

"ते विद्वानांनी विद्वानांसाठी लिहिलेलं. दुसऱ्याच पानावर माझा डोळा लागला."

मास्तर गाडी चालवायला शिकवत. शिकवण्याच्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक होता, आणि तो ते इतक्या सढळपणे दाबत की शिकणाऱ्यांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं. बाईही त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. परीक्षेला बसू देण्याआधी मास्तरांनी त्यांना असा काही घाम फोडला होता, की अजूनही वळण आलं की बाईंना शेजारच्या रिकाम्या सीटवरून मास्तरांचं खाकरणं ऐकू येई.

"पण एवढी घाई कसली?" बाई म्हणाल्या.

मास्तरांनी थोडे आढेवेढे घेतले आणि मग सांगून टाकलं. मुलीने वर्षापूर्वी घरात न सांगता एका लूथरन मुलाशी लग्न केलं होतं. तेव्हापासून मास्तरांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. आता बायकोने मध्ये पडून दोघांना रविवारी चहाला बोलावलं होतं. मास्तर हो म्हणाले, पण एका अटीवर. मुलीने दाराबाहेर उभं राहून आधी माफी मागायची, मगच आत यायचं. आणि जावयाला ते त्याच्या धर्माबद्दल चार प्रश्न विचारणार होते. बघू तरी, स्वतःचं तरी धड माहीत आहे का त्याला.

खरं म्हणजे मुलीसाठी त्यांचा जीव तीळ तीळ तुटत होता. ते बोलून दाखवायला जीभ रेटत नव्हती, एवढंच.

"म्हणजे परीक्षा घेणार तुम्ही."

"परीक्षेशिवाय कोणाला काही द्यायचं नसतं."

बाईंनी ते जाडजूड पुस्तक बाजूला सारलं. "मास्तर, नवशिक्याला पहिल्या दिवशी हायवेवर नेता का तुम्ही?"

"छे. मोकळ्या मैदानात नेतो."

"मग चुकलं माझंच." त्या उठल्या आणि खालच्या फळीवरून एक बारकंसं पुस्तक काढून आणलं. "हे अगदी नवख्यांसाठी आहे. नुसते प्रश्न आणि उत्तरं."

मास्तरांची कळी खुलली. आयती प्रश्नपत्रिकाच हाती आली होती.

दोन शिकवण्यांच्या मधल्या वेळात, गाडीत बसूनच त्यांनी ते वाचलं. भाषा सोपी होती. अडलं ते एकाच जागी. माणूस चांगला वागतो म्हणून देव त्याला जवळ करत नाही, असं तिथे लिहिलं होतं. देव आधी जवळ करतो, तेही फुकट, निव्वळ कृपेने. माणसाने विश्वास ठेवून ते घ्यायचं. चांगलं वागणं त्यातून मागाहून येतं. मास्तरांनी ते पान पुन्हा वाचलं आणि तणतणत ग्रंथालय गाठलं.

"यात पानं मागची पुढे लागलीत. हे म्हणजे परीक्षेआधीच लायसन्स. असं कुठे असतं?"

"त्यांच्यात असतं," बाई म्हणाल्या. "त्या जाड पुस्तकांतही हेच होतं. तुम्हाला झोप लागली."

"आणि माणूस शेफारला तर?"

"मी तुमच्या गाडीचा दिवा भिंतीवर फोडला होता, आठवतंय? मी रडत खाली उतरले, तर तुम्ही म्हणालात, बसा परत. शेफारले का मी?"

"ते वेगळं. गाडी शिकायची तर आधी गाडीत बसायलाच..." मास्तर बोलता बोलता थांबले. मग पुस्तक उचलून, निरोपही न घेता निघून गेले.

रविवारी बेल वाजली तेव्हा बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही, पण तिकडची भांडी एकदम गप्प झाली. मास्तरांनी दार उघडलं. मुलगी खाली बघत उभी होती. वाळली होती. तिच्यामागे उंच जावई, हातातला मिठाईचा खोका दोन्ही हातांनी घट्ट धरून. मास्तरांचा उजवा पाय सवयीने जमिनीवर दाबला गेला.

मुलीने पाठ करून आणलेलं बोलायला सुरुवात केली. "बाबा, मी तुम्हाला न सांगता..."

"आधी आत ये," मास्तर म्हणाले.

ती गोंधळली. आईने तिला अट नीट बजावून सांगितली होती. "पण मला आधी माफी..."

"ऐकू येत नाही का तुला? आधी आत ये."

ते दारातून बाजूला झाले आणि तिच्यामागे उभ्या जावयाला म्हणाले, "तूही ये रे. डोकं सांभाळ, चौकट बुटकी आहे."