चपलांची राखण

माझा डावा हात कोपरापासून न्हाय. कळंबजवळच्या आमच्या शाळेत शर्यत लागली की पोरी अनवाणी पळायच्या आन् पडवळ सर मला म्हणायचे, "थोटे, तू चपला सांभाळ. एक जरी हरवली तर बघ!"

औंदा दिव्यांगांच्या शंभर मीटरात मी देशाला सोनं आणलं. शाळेनं सत्कार ठेवला. सर माइकवर म्हणाले, "हिला मीच घडवलं. आता पोरांना पळून दाखव, बाळ." आन् खुर्चीत टेकले.

मी चपला काढल्या, त्यांच्या मांडीवरच्या नव्या शालीवर ठेवल्या.

"सांभाळा, सर. एक जरी हरवली तर बघा!"

मग सगळ्या मैदानाला फेरी मारली. चालत, रमतगमत.