जागेवरून न हललेली गाडी

मी लाकडी गाडी बोलतेय. गाडी म्हणते खरी, पण मला चाकं नाहीत, इंजिन नाही, काचासुद्धा नाहीत. प्लायवूडच्या फळ्या, आत बसवलेल्या खुर्च्या आणि बाजूला सरकणारं एक दार, एवढाच माझा संसार. तरीही रस्त्यांवर ज्या मिनीव्हॅन मिरवतात त्यांची मी आई आहे, आणि मला त्याची घमेंडही आहे.

माझा जन्म डेट्रॉइटच्या एका मोटार कंपनीत, नमुने करायच्या दालनात झाला. मला घडवलं वॉल्टर गुर्स्कीनं. त्याचा हट्ट असा, की गाडीत अख्खं बिऱ्हाड मावावं आणि गाडी घरच्या गॅरेजात मावावी. म्हणून त्यानं स्वतःच्या गॅरेजचं दार मोजून मला बेतलं. बाकीचे हसायचे. ना धड मोटार, ना धड ट्रक, हिला घेणार कोण? सगळ्यांत मोठे ट्रास्कसाहेब तर म्हणाले, शुक्रवारी बघायला येतो, पटलं नाही तर फोडून टाका.

शुक्रवारी वॉल्टरनं घरची मंडळीच आणली. बायको बर्नडीन, तिची आई, जिला मुलं बुशा, म्हणजे आजी, म्हणत, आणि तीन कार्टी. नुसतं बसा, एवढंच त्यानं सांगितलं होतं. पण ही दर उन्हाळ्यात उत्तरेला मॅकिनॉकडे जाणारी माणसं. गाडीत नुसतं बसणं त्यांना ठाऊकच नाही. वॉल्टरनं लाकडी स्टिअरिंग धरलं, बुशानं डब्यातून बटाट्याची पिएरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, वाटल्या आणि आमची जागच्या जागी सहल सुरू झाली.

वाटेतलं फ्लिंट शहर मनानंच मागे पडलं न पडलं तोच मुलं भांडायला लागली. पुढे झिलवॉकीचा पूल. खालून जहाज जायचं असलं की तो उचलतात आणि सगळी वाहनं ताटकळतात. तो उचललाय असं समजून वॉल्टरनं सवयीनं ब्रेकच्या जागी पाय दाबला. इतक्यात धाकटीला गाडी लागली. जागेवर उभ्या असलेल्या लाकडात बसून तिला गाडी लागली, याचा मला आजही अभिमान वाटतो.

नेमके तेव्हाच ट्रास्कसाहेब गुडघे पुढच्या खुर्चीला अडतात का ते बघायला मागच्या बाकावर येऊन बसले. 'हे माझ्या बाजूला आले!' म्हणून मधल्या पोरानं गळा काढला. जुन्या गाडीत बर्नडीनला पुढे बसूनच हात मागे वळवून धमक्या द्याव्या लागत. इथे ती सरळ उठली, पुढच्या दोन खुर्च्यांमधल्या वाटेनं मागे आली, पोराच्या पाठीत एक घातली आणि त्याच झपाट्यात साहेबांनाही एक दिली.

"सरका तिकडे," ती म्हणाली. "आणि पूल खाली येईपर्यंत एकाचाही आवाज नकोय मला."

वॉल्टरनं मनातल्या मनात नोकरीवर पाणी सोडलं. साहेब मात्र निमूट सरकले. बुशानं त्यांच्या हातावर एक पिएरोगी ठेवली, तीही त्यांनी खाल्ली. मग जरा वेळानं हळूच विचारलं, "अजून किती लांब आहे?"

माझ्या लेकींचा जन्म तिथेच ठरला.

लेकी धावू लागल्या तशी मी अडगळ झाले. वॉल्टरनं मला घरी आणलं. मापच त्या गॅरेजचं, त्यामुळे मी आत चपखल बसले, आणि त्याची खरी मिनीव्हॅन बाहेर बर्फात कुडकुडत असते. बर्नडीन यावरून रोज त्याचा उद्धार करते. मला फोडून शेकोटी करावी, असं शेजाऱ्यांचंही मत आहे.

पण बुशा आता फार थकलीय. तिचा नवरा तिकडे मॅकिनॉजवळ पुरलेला आहे, आणि खऱ्या गाडीचे धक्के तिला सोसत नाहीत. म्हणून ती दुपारी पर्स घेऊन माझ्यात येऊन बसते. वॉल्टर पुढे बसून स्टिअरिंग धरतो.

"पोचलो का रे त्यांच्याजवळ?"

"नाही, आई. पूल अजून वरच आहे. थांबावं लागेल."

"मग थांबू," असं म्हणून ती डबा उघडते.

तेव्हा बाबांनो, कुऱ्हाड जरा बाजूला ठेवा. मी तसूभरही हललेली नाही हे कबूल. पण आत माणूस बसलंय, आणि आम्हाला इतक्यात पोचायचं नाहीये.